श्रद्धेविना ख्रिस्ती म्हणवून घेता येते का?

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला आपल्या चर्चमध्ये उभे राहायलाही जागा उरत नाही. वर्षभर वेदीपासून दूर राहिलेली तरुण मुले त्या रात्री आईवडिलांसोबत येतात, गायनात सूर मिसळतात, गोठ्यापाशी क्षणभर थांबतात. अशाच एखाद्या घरी दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना मुलगा शांतपणे सांगतो, की त्याचा देवावर विश्वास उरलेला नाही. मात्र येशूने शिकविलेली क्षमा, गोरगरिबांविषयीची कळकळ आणि सत्याची चाड त्याला पूर्णपणे मान्य आहे, तो तसे वागण्याचा प्रयत्नही करतो आणि म्हणून स्वतःला ख्रिस्तीच समजतो. आई गप्प होते. वडील रागावतात. मग घरात त्या विषयावर पुन्हा कोणी बोलत नाही.

हे मौन आम्हांला अधिक चिंताजनक वाटते. या प्रश्नाकडे केवळ तरुणांचे बंड म्हणून पाहणे योग्य नव्हे. गेली दोन हजार वर्षे विचारवंतांनी, राज्यकर्त्यांनी आणि संतांनीही तो विचारला आहे. म्हणून या विषयावरील इतिहास, ख्रिस्तसभेची अधिकृत शिकवण आणि व्यवहारात उद्भवणारे प्रश्न यांची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. येथे एक नव्हे, तर दोन प्रश्न आहेत. देव न मानणाऱ्या माणसाला ख्रिस्ती नीतीप्रमाणे जगता येते का, हा पहिला प्रश्न. तसे जगणारा माणूस त्यामुळे ख्रिस्ती ठरतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ख्रिस्तसभा बऱ्याच अंशी होकारार्थी देते. दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी आहे. परंतु त्या नकाराचे कारण पुष्कळांना वाटते त्याहून वेगळे आहे.

नावाचा उगम

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात अशी नोंद आहे, की येशूच्या शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव प्रथम अंत्युखिया नगरीत मिळाले. हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले दिसत नाही. बहुधा बाहेरच्या लोकांनी ते त्यांना दिले. त्या शब्दाला जोडलेला लॅटिन प्रत्यय एखाद्या व्यक्तीच्या अनुयायांसाठी किंवा पक्षाच्या माणसांसाठी वापरला जात असे. म्हणजे 'ख्रिस्ती' याचा मूळ अर्थ 'सदाचारी' असा नसून 'ख्रिस्ताची माणसे' असा आहे. या शब्दाने वर्तनाचा दर्जा सांगितला नाही, नाते सांगितले.

इ.स. ११२ च्या सुमारास आशिया मायनरमधील बिथिनिया-पोंतुस प्रांताचा रोमन राज्यपाल प्लिनी याने सम्राट त्राजान याला एक पत्र लिहिले. चौकशीत त्याला आढळले, की ही माणसे ठरावीक दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र गातात आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात न करण्याची शपथ घेतात. या नीतीत प्लिनीला गुन्हा दिसला नाही. तरीही जे 'ख्रिस्ती' हे नाव सोडायला तयार नव्हते, त्यांना त्याने देहदंड दिला. ज्यांनी देवतांच्या मूर्तींपुढे धूप जाळला आणि ख्रिस्ताची निंदा केली, त्यांना सोडून दिले. सुटलेल्यांनी पुढे चोरी करावी, असे रोमन सत्तेचे म्हणणे नव्हते. नीती खुशाल पाळा, पण ख्रिस्ताचे म्हणवून घेऊ नका, असा तो सौदा होता. आपल्या रक्तसाक्षींनी तो नाकारला. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी १५९७ साली नागासाकी येथे क्रूसावर प्राण दिला, तोही ख्रिस्ताचे म्हणून.

हा इतिहास लक्षात घेतला म्हणजे 'ख्रिस्ती' हा शब्द 'भला माणूस' या अर्थाने सैलपणे वापरताना आपल्याला थोडे थांबावेसे वाटेल.

दोन प्राचीन मते

तरीही आरंभीच्या ख्रिस्तसभेने हे नाव कुंपणासारखे वापरले, असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या शतकातील तत्त्वचिंतक आणि रक्तसाक्षी संत जस्टिन यांनी सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या आपल्या कैफियतीत एक धाडसी विचार मांडला. ख्रिस्त हा देवाचा शब्द आहे, आणि त्या शब्दात संपूर्ण मानवजातीला वाटा आहे. म्हणून विवेकाने जगलेली माणसे, त्यांना लोकांनी नास्तिक ठरविले असले तरी, ख्रिस्तीच होत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. उदाहरणादाखल त्यांनी सॉक्रेटिस आणि हेराक्लायटस यांची नावे घेतली. विशेष म्हणजे रोमन देवतांची पूजा नाकारल्यामुळे त्या काळी खुद्द ख्रिस्ती लोकांवरच नास्तिकतेचा आरोप होत असे.

परंतु जस्टिन यांच्या विधानात एक गोष्ट दडलेली आहे. सॉक्रेटिसला ते ख्रिस्ती म्हणतात, ते त्याची नीती स्वयंपूर्ण होती म्हणून नव्हे; त्याच्या विवेकात ख्रिस्तच कार्य करीत होता, अशी त्यांची श्रद्धा होती म्हणून. हे विधान श्रद्धावंताने दुसऱ्याविषयी आदराने केलेले आहे. अश्रद्धाने स्वतःविषयी केलेला तो दावा नाही.

दुसरे उदाहरण संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या आठव्या खंडात सांगितले आहे. चौथ्या शतकात रोम येथे मारिउस विक्टोरिनुस नावाचा नामवंत वक्तृत्वशिक्षक होता. वृद्धापकाळी पवित्र शास्त्राचा अभ्यास करून तो आपला मित्र, धर्मगुरू सिम्प्लिसियन यांना खाजगीत सांगू लागला, की आपण आता ख्रिस्तीच झालो आहोत. ख्रिस्तसभेत तुम्हांला पाहीन तेव्हाच मानीन, असे सिम्प्लिसियन म्हणत. त्यावर, एखाद्या इमारतीच्या भिंती माणसाला ख्रिस्ती बनवितात की काय, अशी थट्टा विक्टोरिनुस करी. असे अनेकदा घडले. प्रतिष्ठित मूर्तिपूजक मित्रांची नाराजी ओढवेल, या भीतीने तो मागे राहिला होता. अखेर त्या भीतीचीच त्याला लाज वाटली आणि आपण चर्चमध्ये जाऊ या, मला ख्रिस्ती व्हायचे आहे, असे तो अचानक म्हणाला. एकांतात श्रद्धाप्रकटन करण्याची सवलत धर्मगुरूंनी देऊ केली असता त्याने ती नाकारली आणि सर्व लोकांसमक्ष उंच जागी उभे राहून श्रद्धा प्रकट केली. पुढे ३६२ साली सम्राट जुलियन याने ख्रिस्ती शिक्षकांवर बंदी घातली, तेव्हा विक्टोरिनुसने आपली शाळा सोडली. ते नाव सोडले नाही.

विक्टोरिनुस अश्रद्ध नव्हता, हे खरे. परंतु 'मनातल्या मनात मी ख्रिस्ती आहेच' हे त्याचे म्हणणे आजही आपण ऐकतो. भिंतींविषयीचा त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. भिंती माणसाला ख्रिस्ती बनवीत नाहीत. पण त्या भिंतींच्या आत जमलेल्या माणसांशी नाते जोडल्याशिवाय ख्रिस्ताशी जोडलेले नाते अर्धवट राहते, हे त्याला उशिरा उमगले.

नीती ठेवली, ख्रिस्त वगळला

आधुनिक काळात हा प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन देवाचे अस्तित्व मानीत. परंतु येशूचे देवत्व आणि चमत्कार त्यांना मान्य नव्हते. तरीही आपण खरे ख्रिस्ती आहोत, असे ते मित्रांना लिहीत. १८२० च्या सुमारास त्यांनी ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी नव्या करारांच्या प्रतींतून येशूच्या जीवनाचे व उपदेशाचे उतारे धारदार पात्याने कापून एका वहीत चिकटविले. चमत्कार गळाले. पुनरुत्थानही गळाले. कबरीच्या तोंडाशी धोंड लोटली जाते, तेथे ते पुस्तक संपते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने १८९५ साली ते मिळविले आणि ते आजही जतन केलेले आहे.

येशूच्या नीतीहून उदात्त नीती नाही, असे मानणाऱ्या जेफरसन यांच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. हे आम्ही त्यांची निंदा करण्यासाठी लिहीत नाही. पुनरुत्थानावर पूर्ण श्रद्धा ठेवणारे अनेक ख्रिस्ती जमीनदारही गुलाम बाळगीत होते. यातून एवढेच दिसते, की उत्तम नीती वेगळी काढून जवळ ठेवल्याने माणूस आपोआप बदलत नाही आणि नुसत्या शाब्दिक श्रद्धेनेही बदलत नाही.

विसाव्या शतकातील सर्वांत गाजलेले उदाहरण इटालियन तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे यांचे आहे. १८६६ साली कॅथलिक घराण्यात त्यांचा जन्म झाला. किशोरवयात त्यांची श्रद्धा ओसरली. १८८३ साली इस्किया बेटावरील भूकंपात आईवडील आणि बहीण मृत्युमुखी पडली. ते स्वतः ढिगाऱ्याखालून वाचले. पुढे त्यांच्या विचारांमुळे रोमच्या धर्मपीठाने १९३४ साली त्यांचे सर्व ग्रंथ निषिद्ध सूचीत घातले. अशा या माणसाने १९४२ साली, युद्ध आणि फॅसिस्ट राजवट चालू असताना, एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. आपण स्वतःला ख्रिस्ती म्हटल्यावाचून का राहू शकत नाही, हेच त्याचे शीर्षक होते. मानवजातीने केलेली सर्वांत मोठी क्रांती म्हणजे ख्रिस्ती धर्म होय, कारण त्याने माणसाच्या अंतःकरणात, त्याच्या सदसद्विवेकात बदल घडविला, असे त्यांनी त्यात मांडले. क्रोचे श्रद्धेकडे परतले नव्हते. आपण ज्या नैतिक भूमीवर उभे आहोत ती कोणी नांगरली, हे प्रामाणिकपणे कबूल करणे एवढाच त्यांचा हेतू होता.

याउलट ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी मार्च १९२७ मध्ये लंडन येथे दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानात हे नाव साफ नाकारले. चांगले जगू पाहणारा तो ख्रिस्ती, अशी सैल व्याख्या त्यांनी मान्य केली नाही. तसे म्हटल्यास इतर धर्मांतील सर्व सज्जनांनाही तेच नाव लावावे लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे निष्कर्ष आम्हांला मान्य नाहीत; परंतु शब्दाला निश्चित अर्थ असावा, हा त्यांचा आग्रह रास्त होता. अलीकडे, २०२४ साली, नास्तिकतेचे सुप्रसिद्ध पुरस्कर्ते रिचर्ड डॉकिन्स यांनी आपण सांस्कृतिक अर्थाने ख्रिस्ती आहोत असे म्हटले. मात्र आपली श्रद्धा नाही, हेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले.

आपल्या देशात महात्मा गांधींचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. गांधीजी अश्रद्ध नव्हते. ते ईश्वरावर गाढ विश्वास ठेवणारे हिंदू होते. विद्यार्थिदशेत लंडनमध्ये त्यांनी पर्वतावरील प्रवचन वाचले आणि ते त्यांच्या हृदयाला भिडले, असे त्यांच्या आत्मकथेत नमूद आहे. येशू हाच देवाचा एकमेव पुत्र, हे मात्र त्यांना पटले नाही. म्हणून त्यांनी प्रवचनाचा मार्ग आयुष्यभर अनुसरला, पण ख्रिस्ती हे नाव घेतले नाही. त्यांच्या या प्रामाणिकपणाचा आपण आदर केला पाहिजे. त्यांना मागाहून 'खरे तर ख्रिस्तीच' ठरविण्याचा मोह पुष्कळांना होतो; तो त्यांच्या श्रद्धेचा मान राखणारा नाही.

ख्रिस्तसभा काय शिकविते?

रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात संत पौल सांगतात, की ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही असे लोकही स्वभावतः त्यातील गोष्टी आचरितात. तो नियम त्यांच्या अंतःकरणावर कोरलेला आहे आणि त्यांचा विवेक त्याची साक्ष देतो. या पायावर ख्रिस्तसभेची पुढील शिकवण उभी आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने नोव्हेंबर १९६४ मध्ये संमत केलेल्या ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानाच्या सोळाव्या परिच्छेदात, स्वतःचा दोष नसताना ज्यांना देवाचे स्पष्ट ज्ञान झालेले नाही, तरीही जे सदाचाराने जगण्याची धडपड करतात, त्यांच्यासाठीही तारणाला आवश्यक ते साहाय्य परमेश्वर नाकारीत नाही, असे म्हटले आहे. मात्र ही धडपड देवाच्या कृपेवाचून होत नाही, असेही तेथेच सांगितले आहे. त्यांच्यातील जे जे सत्य व चांगले, त्याकडे ख्रिस्तसभा शुभवर्तमानाची पूर्वतयारी म्हणून पाहते.

डिसेंबर १९६५ मधील, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात नास्तिकतेवर स्वतंत्र विवेचन आहे. त्याचा एकोणिसावा परिच्छेद प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने वाचावा असा आहे. नास्तिकता निर्माण होण्यात श्रद्धावंतांचाही वाटा असू शकतो. श्रद्धेच्या शिक्षणाची हेळसांड, शिकवणुकीची चुकीची मांडणी आणि स्वतःच्या जीवनातील दोष यांमुळे ते देवाचा चेहरा प्रकट करण्याऐवजी झाकून टाकतात, असा त्याचा आशय आहे.

तेव्हा अश्रद्ध माणूस प्रामाणिक, दयाळू, क्षमाशील असू शकत नाही, असे कॅथलिक व्यक्तीने कधीही म्हणू नये. तसे म्हणणे अनुभवाला धरून नाही आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणीलाही धरून नाही.

मग नाव का देत नाही?

येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. अश्रद्ध सज्जन पुरेसा चांगला नाही, म्हणून आपण त्याला ख्रिस्ती म्हणत नाही, असे त्याला वाटते आणि तो दुखावतो. वस्तुस्थिती निराळी आहे. हे नाव चांगुलपणाने मिळतच नाही. ते कोणालाही, अगदी संतांनाही, गुण पाहून मिळालेले नाही. आपल्यापैकी बहुतेकांना ते कुशीतले बाळ असताना स्नानसंस्काराने मिळाले. तेव्हा आपल्या पदरी एकही सत्कृत्य नव्हते.

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस या तपस्व्याचे अनुयायी असे शिकवू लागले, की माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाच्या आज्ञा पूर्णपणे पाळू शकतो. ४१८ साली कार्थेज येथील परिषदेने ते मत अमान्य केले. 'जो नीतीने वागतो तो ख्रिस्ती' असे आपण म्हणू लागलो, तर नकळत त्याच मताकडे वळतो. शिवाय त्याचा दुसरा अर्थ असा होतो, की जो नीतीत कमी पडला तो ख्रिस्ती राहिला नाही. मग आपल्यातील किती जणांना ते नाव ठेवता येईल? दारूच्या आहारी गेलेला, तुरुंगात असलेला, घर मोडून गेलेला आपला बांधव ख्रिस्तीच राहतो. कारण त्याचे नाव त्याच्या यशावर अवलंबून नव्हते. गुणांवर नाव द्यायचे ठरविले, तर प्रथम हीच माणसे बाहेर पडतील आणि येशू तर त्यांनाच शोधत आला होता.

दुसरे कारण त्या शिकवणीतच आहे. पर्वतावरील प्रवचन हे केवळ सुविचारांचे संकलन नाही. वैऱ्यावर प्रीती का करावी, तर स्वर्गीय पिता दुष्टांवर व सज्जनांवर सारखाच पाऊस पाडतो म्हणून. दान गुप्तपणे का करावे, तर पिता गुप्तपणे पाहतो म्हणून. उद्याची चिंता का करू नये, तर पित्याला आपली गरज ठाऊक आहे म्हणून. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतून 'पिता' हा शब्द काढून टाकला, तर आज्ञा उरतात. त्यांचे कारण आणि त्या पाळण्याचे बळ हरवते. ज्याला देव मान्य नाही तो या आज्ञा पाळूच शकत नाही, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या त्याला स्वतःच्या बळावर पेलाव्या लागतात. आणि तो अपयशी ठरतो तेव्हा क्षमा कोणाकडे मागावी, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

तीन व्यक्ती, तीन उत्तरे

व्यवहारात हा प्रश्न तीन प्रकारच्या व्यक्तींकडून येतो. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ आणि १९८३ चा कॅनन कायदा यांच्या आधारे त्यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो.

पहिली व्यक्ती म्हणजे स्नानसंस्कार न घेतलेला, श्रद्धा नसलेला, पण येशूच्या नीतीचा चाहता. तो आपला मित्र व सहप्रवासी आहे. प्रौढ व्यक्तीला स्नानसंस्कार देण्यासाठी तिची स्वतःची इच्छा, श्रद्धेच्या सत्यांचे पुरेसे शिक्षण आणि ख्रिस्ती जीवनाचा अनुभव आवश्यक आहे (कलम ८६५). केवळ नीती पटते, एवढ्यावर हा संस्कार देता येत नाही. तसे केल्यास त्याला खोटे बोलायला लावल्यासारखे होईल.

दुसरी व्यक्ती म्हणजे श्रद्धेची इच्छा धरून तयारी करणारा दीक्षार्थी. त्याला अजून स्नानसंस्कार मिळालेला नसतो. तरी ख्रिस्तसभा त्याला आपला मानते (कलम २०६). त्या अवस्थेत तो मरण पावला, तर अंत्यविधीच्या बाबतीत त्याची गणना ख्रिस्ती भाविकांतच होते (कलम ११८३). ख्रिस्तसभा दार किती लवकर उघडते, हे यावरून दिसते.

तिसरी व्यक्ती आपल्या जेवणाच्या टेबलावरील मुलगा. त्याचा स्नानसंस्कार झालेला आहे, पण श्रद्धा उरलेली नाही. धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. १२७२) सांगतो, की स्नानसंस्काराने आत्म्यावर उमटलेला ठसा कोणत्याही पापाने पुसला जात नाही आणि तो संस्कार पुन्हा देता येत नाही. म्हणून तो 'मी ख्रिस्ती आहे' असे म्हणतो तेव्हा ते असत्य नसते. मात्र त्याने दिलेले कारण बरोबर नसते. तो चांगले वागतो म्हणून ख्रिस्ती नाही. त्याला एकदा हाक मारली गेली आहे आणि ती हाक मागे घेतलेली नाही, म्हणून तो ख्रिस्ती आहे.

अर्थात पूर्ण सहभागासाठी श्रद्धाप्रकटन, संस्कार आणि ख्रिस्तसभेचे मार्गदर्शन हे तिन्ही बंध लागतात (कलम २०५). म्हणून काही मर्यादा येतात. धर्मपिता वा धर्ममाता होणाऱ्याने श्रद्धेला अनुरूप जीवन जगणे आवश्यक आहे (कलम ८७४). कारण त्या बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी तो घेत असतो. ज्याने श्रद्धेचा उघडपणे त्याग केला आहे, त्याच्या विवाहासाठी निकडीचा प्रसंग वगळता बिशपांची अनुमती लागते (कलम १०७१). या मर्यादा शिक्षा म्हणून घातलेल्या नाहीत. जे शब्द मनातून निघत नाहीत ते वेदीसमोर कोणाकडून वदवून घेऊ नयेत, हा त्यांमागील भाव आहे. असे प्रसंग आल्यास कुटुंबांनी आपल्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे.

येथे एक सावधगिरी हवी. शंका म्हणजे अश्रद्धा नव्हे. कोलकात्याच्या संत मदर तेरेसा यांची २००७ साली प्रसिद्ध झालेली पत्रे वाचून जगाला कळले, की त्यांनी अनेक वर्षे देवाच्या सान्निध्याची जाणीव नसताना, अंधारात प्रार्थना केली. 'मला काहीच जाणवत नाही' असे म्हणणाऱ्या तरुणाला घाईने नास्तिक ठरवू नये.

समाज म्हणून ख्रिस्ती

आपल्याकडे या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात ख्रिस्ती धर्म मानणारी व्यक्ती ती ख्रिस्ती, अशी व्याख्या असून भारतीय ख्रिस्ती या संज्ञेत धर्मांतरितांच्या ख्रिस्ती वंशजांचाही समावेश केला आहे. उत्तर कोकणात तर आडनाव, बोली, लग्नातील गाणी, जेवणाचे पदार्थ यांतून 'ख्रिस्ती' ही एका समाजाची ओळख झाली आहे. श्रद्धा सोडलेला मुलगाही या समाजाचा घटक राहतो. त्याचे ते नाते आपण नाकारू नये आणि नाकारू शकतही नाही. परंतु हीच ओळख आपल्या सर्वांसाठी धोक्याचीही आहे. आडनावाने ख्रिस्ती, सणाने ख्रिस्ती, एवढ्यावर समाधान मानणारा नियमित मिस्साला येणारा भाविक आणि नीतीने ख्रिस्ती म्हणविणारा त्याचा मुलगा, या दोघांनीही ख्रिस्ताला वगळून ख्रिस्ती राहण्याची वाट धरलेली असू शकते.

टिळकांची वाट

मराठी माणसाला या विषयात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. टिळक कॅथलिक नव्हते. अमेरिकन मराठी मिशनशी त्यांचा संबंध होता. आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. वाचता वाचता ते पर्वतावरील प्रवचनापाशी आले आणि तेथे खिळून राहिले. म्हणजे त्यांचा आरंभ नीतीपासूनच झाला. पण ते तेथे थांबले नाहीत. हे सांगणारा कोण, या प्रश्नाने त्यांना पुढे नेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाने त्यांचा संसार काही वर्षे दुभंगला. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये ते दुःख कोणताही आव न आणता सांगितले आहे. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. स्नानसंस्काराविषयीची आपली कॅथलिक भूमिका त्याहून वेगळी आहे. परंतु ज्याला केवळ शिकवण पटली आहे त्याला उंबरठ्यावर हटकू नये, त्याला शिकविणाऱ्याकडे नेणारी वाट मोकळी ठेवावी, हा टिळकांच्या जीवनाचा धडा आपल्यालाही घेता येईल.

आपण काय करावे?

येशूने दोन मुलांचा एक दाखला सांगितला. बापाने मळ्यात जायला सांगितले तेव्हा एक मुलगा नाही म्हणाला, पण नंतर मन बदलून गेला. दुसरा हो म्हणाला आणि गेला नाही. बापाची इच्छा पहिल्याने पूर्ण केली. हा दाखला येशूने देव न मानणाऱ्यांना नव्हे, तर धर्माच्या पुढाऱ्यांना ऐकविला होता, हे आपण विसरू नये. पहिला मुलगा तोंडाने नाही म्हणाला, तरी त्याचे पाय मळ्याकडे वळले. ज्या अश्रद्ध मुलाचे पाय क्षमेकडे, सेवेकडे, सत्याकडे वळलेले आहेत, तो कोणाच्या मळ्यात काम करीत आहे, हे त्याला आज ठाऊक नसेल. आपल्याला ते ठाऊक असले पाहिजे.

म्हणून अशा मुलाशी, मुलीशी बोलताना तीन गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवितो. तिच्या चांगुलपणाबद्दल मनापासून आनंद मानावा. तो देवाच्या कृपेचाच भाग आहे. तिच्या श्रद्धेविषयी खोटे बोलू नये आणि तिलाही बोलायला लावू नये. आणि श्रद्धा सोडताना तिने आपल्यात काय पाहिले, हे विचारावे. कदाचित आपल्या प्रार्थनेनंतर घरात झालेले भांडण तिला आठवत असेल, किंवा चर्चमधून परतताना आपण एखाद्या गरिबाशी केलेले वर्तन. ते ऐकून घेणे आपल्याला जड जाईल.

क्रोचे यांनी ख्रिस्ती म्हणवून घेतल्याशिवाय राहवत नाही असे लिहिले, तेव्हा त्यांच्याजवळ श्रद्धा नव्हती; होती ती कृतज्ञता. आपल्याजवळ श्रद्धा आहे, संस्कार आहेत, नावही आहे. त्या नावाचा अर्थ आपल्या वागण्यातून दिसला, तर जेवणाच्या टेबलावरील तो संवाद मौनात संपणार नाही. पुढच्या नाताळला मुलगा पुन्हा मिस्साला येईल, तेव्हा आपण त्याच्यासाठी बाकावर थोडे सरकून जागा करावी.